खाली उतरवलेली टाकी

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. गुडघे दुखत असतील त्यांनी पाय पसरले तरी चालतील, पण कान इकडे द्या. आज एक गोष्ट सांगायची आहे. तीत राजा नाही, राक्षस नाही. एक पेटीवाला आहे, एक कीर्तनकार बाई आहे, मूठभर ब्राह्मीची पानं आहेत आणि थोडे मासे. कुठली टाकी वर ठेवायची आणि कुठली खाली, एवढाच काय तो प्रश्न. पण माणसाचा जीव कधीकधी एवढ्याशा प्रश्नावर टांगलेला असतो. सुरुवातीला हसू येईल, तेव्हा हसून घ्या. पुढे येणार नाही.

मकरंदराव पोहनेरकर अंबाजोगाईचे. नोकरी पाटबंधारे खात्यात, आरेखकाची. कालवा कुठून काढायचा, त्याला उतार किती द्यायचा, हे त्यांनी आधी कागदावर आणि मग पडद्यावर जन्मभर आखलं. "माणसाला फसवता येतं, पाण्याला नाही," असं ते म्हणत. "बोटभर चढ दिसला तरी ते तिथंच बसकण मारतं." नोकरी पोटासाठी होती. जिवासाठी पेटी होती.

पेटी वाजवायची ती बायकोमागे. ह. भ. प. हेमांगीबाई पोहनेरकर यांचं कीर्तन म्हटलं की परळीहून, लातूरहून लोक घरच्या सतरंज्या घेऊन यायचे. नऊवारी, कपाळाला बुक्का, हातात चिपळ्या आणि आवाज असा, की नमनालाच मांडीवरचं रडकं पोर गप्प व्हायचं. मागे उजव्या अंगाला पेटीवर मकरंदराव, डाव्या अंगाला तबल्यावर बद्रीनाना लोमटे. बाईंची मान कुठे डोलेल आणि हात कुठे थांबेल, हे दोघांना न बघता कळायचं.

मग एका कीर्तनात हेमांगीबाईंच्या हातातली चिपळी गळून पडली. लोकांना वाटलं, भाव दाटून आला. पुढच्या कीर्तनात पाऊल अडखळलं. औरंगाबादपर्यंत तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी समजावलं, मेंदू हुकूम सोडतो, पण तो नेणारी तार झिजत चालली आहे. आधी हातपाय, मग मान, मग जीभ, गळा आणि शेवटी श्वास.

"गळा किती दिवस राहील?" हेमांगीबाईंनी विचारलं. श्वासाचं त्यांनी विचारलंच नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा अंबाजोगाईत गच्चीगच्चीवर माशांच्या टाक्या आलेल्या होत्या. नळाला पंधरवड्यातून एकदा पाणी. तेच पाणी माशांना, त्याच पाण्यावर मेथी-पालक, आणि तेच फिरून परत माशांना. पोटापुरता हा खेळ जुना झाला होता. नवीन निघालं होतं ते औषधाचं रोप.

शास्त्रज्ञांनी साधी पाणथळीतली ब्राह्मी घेतली आणि तिच्या जनुकांत एक पाठ लिहिला. रोग्याच्या रक्तावरून घडवलेला पाठ, म्हणून ज्याचं रोप त्यालाच लागू, दुसऱ्याला नुसती पालेभाजी. पानात एक प्रथिन तयार व्हायचं आणि ते झिजलेल्या तारेवर लेप चढवायचं. रोग बरा होत नसे, पण जागच्या जागी थांबे. दैव उदार असेल तर चार पावलं मागेही सरके. अडचण अशी, की पान खुडल्यावर थोड्याच वेळात ते प्रथिन मोडून जाई. बाटलीत भरता येईना, गोळी करता येईना. रोप घरातच हवं. रोज सकाळी खुडायचं, चेचायचं आणि जिभेखाली धरून बसायचं.

दुसरी अडचण याहून मोठी. खतावर वाढवलेल्या ब्राह्मीत ते प्रथिन कच्चंच राही. त्याची शेवटची गाठ मारायचे मुळांना चिकटलेले जीवाणू, आणि ते जगायचे माशांच्या पाण्यावर. मासे खातात आणि घाण करतात. त्या घाणीतलं विष जीवाणू मोडतात, त्याचं खत करतात. मुळं ते खत पितात आणि निवळलेलं पाणी परत माशांकडे जातं. मासे गेले की जीवाणू गेले, जीवाणू गेले की पान नुसतं हिरवं. जीवाणूंची आणि मुळाची सोयरीक रोप बोटभर असतानाच जुळते. वाढलेल्या रोपाला दुसरे लावून चालत नाहीत.

रोप देणाऱ्या संस्थेतून अन्वी जोगदंड आली. पंचविशीची पोरगी, मूळची केजकडची, पाठीवर पिशवी आणि हातात लेसरची मोजपट्टी. हेमांगीबाईंना चाकाच्या खुर्चीत बसवून मकरंदरावांनी जिन्याशेजारच्या छोट्या लिफ्टमधून गच्चीवरच्या खोलीत आणलं. मान छातीवर कललेली. ती वर उचलायची ताकद राहिली नव्हती. कित्येक महिने त्यांना जग दिसायचं ते गुडघ्याखालचंच. फरशी, उंबरे, भेटायला येणाऱ्यांची पावलं.

"काकू, आधी एक विचारते," अन्वी म्हणाली. "घरात मासे चालतील ना?"

"चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर राहतो आमचा," हेमांगीबाई म्हणाल्या. जीभ जड झाली होती, पण धार तीच. "मासे कसले चालतात?"

"खायचे नाहीत हो, नुसते पोसायचे."

"मग येऊ दे की. आयतं खाणाऱ्यांची सवय आहे या घराला. बद्रीनाना रोज येतात चहाला."

"वहिनी, जिन्यात आहे मी!" खालून आवाज आला. "सगळं ऐकू येतंय!"

अन्वीने हसत हसत खोलीच्या भिंतीवर खडूनं तीन चौकोन काढले, एकाखाली एक. तिने सांगायला सुरुवात करण्याआधीच मकरंदराव म्हणाले, "मासे सगळ्यात वर. त्यांच्याखाली रोपांचा वाफा. सगळ्यात खाली साठवणीची टाकी आणि तिच्यात पंप. पंपानं पाणी एकदाच माशांपर्यंत उचलायचं. पुढे ते आपल्या पायांनी उतरत येतं."

"अगदी बरोबर काका. आणि माशांच्या टाकीतून बाहेर पडणारा पाइप काठाशी, वरच्या अंगाला. म्हणजे वरून येईल तेवढंच पाणी ओसंडेल. पंप बंद पडो, वाफा गळो, पाइप निसटो, खालची टाकी कोरडी पडेल पण मासे भरल्या पाण्यात राहतील."

"म्हणजे आपण चुकलो तरी मासे जगावेत, असा आराखडा."

"तसाच पाहिजे ना काका? माणूस चुकणारच."

हेमांगीबाई म्हणाल्या, "मला कुठली टाकी दिसेल?"

मकरंदरावांनी खुर्चीपाशी उकिडवं बसून त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत बघितलं. तिथून दिसलं असतं ते साठवणीच्या टाकीचं निळं प्लास्टिक, पंपाची वायर आणि एक कोपरा. मासे त्यांच्या नजरेच्या कितीतरी वर.

"कॅमेरा लावू काकू," अन्वी लगेच म्हणाली. "मांडीवर पडदा. अगदी स्वच्छ दिसतील."

"पडद्यावर बघितलं म्हणजे दर्शन झालं का गं?"

"लोक घेतात की ऑनलाइन."

"घेऊ देत. देव उदार आहे, त्याला चालतं. मला नाही चालत." त्या दमल्या, थांबल्या. "ज्यांच्या जिवावर मी उद्यापासून बोलणार, त्यांची तोंडं बघायची नाहीत? पाहुण्याला घरात घ्यायचं आणि माळ्यावर चढवून ठेवायचं, ही कुठली रीत?"

स्लॅब खणून साठवणीची टाकी खाली नेता येणार नव्हती. मकरंदरावांनी भिंतीवरचे चौकोन ओल्या फडक्यानं पुसले आणि नव्यानं काढले. मासे खाली, थेट फरशीवर, समोरून काच. वाफा त्यांच्यावर, लोखंडी घडवंचीवर. साठवणीची टाकी नाहीच. पंप माशांच्याच टाकीत.

अन्वीचा चेहरा उतरला. "काका, वर कुठं तुंबलं किंवा सांडलं, तर हा पंप माशांचंच पाणी उपसून बाहेर फेकणार."

"ठाऊक आहे."

"आणि ब्राह्मीची मुळं हट्टी असतात. पाणी परत खाली सोडणाऱ्या पाइपात शिरतात, बोळा करून बसतात. तुम्ही तर पाटबंधाऱ्यातले ना?"

"पाटबंधाऱ्यातला आहे आणि हिचा नवराही आहे," मकरंदराव म्हणाले. "दर गुरुवारी पाइप उघडून मुळं काढीन. एक गुरुवार चुकणार नाही."

पोरगी तयार झाली, पण नाखुशीनं. तिने काचेत एक तरंगता खटका बसवला. पाणी पाव उरलं की पंप थांबणार आणि दोघांच्या मनगटावरच्या पट्टीत थरथर होणार. हवेचे बुडबुडे सोडणारा छोटा पंपही बसवला. "पण काका, पाणी पाव उरलं आणि त्यात हवाही मिळेनाशी झाली, तर एवढे मासे फार तर पाऊण तास तग धरतील. तेवढ्यात पोचायचं. दुसरं कुणी दार उघडू शकणार नाही." औषधाचं रोप म्हणजे औषधच, नियम कडक. गच्चीच्या दाराला बोटाच्या ठशाचं कुलूप आणि ठसे दोनच. एक रुग्णाचा, एक सांभाळणाऱ्याचा.

मासे आले. करड्या अंगाचे, तळहाताएवढे तिलापिया. पहिल्याच दिवशी ते काचेपाशी आले आणि हेमांगीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. पावलांखेरीज दुसरं काही त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिल्याला किती दिवस झाले होते! मकरंदराव दाराआडून बघत होते. आपण आराखड्यात चूक केली असेल, पण संसारात नाही केली, असं त्यांना त्या घटकेला वाटलं.

रोज सकाळी मकरंदराव पानं चेचून त्यांच्या जिभेखाली ठेवत. पान तोंडात धरून त्या माशांकडे बघत बसत. एकादशीला माशांनाही उपास.

"पाण्यातल्या जिवाला कसला हो उपास?" बद्रीनानांनी विचारलं.

"अन्वी म्हणाली, आठवड्या-पंधरवड्यानं एक दिवस उपाशी राहिलेले बरे असतात. मी म्हटलं, मग एकादशीच धरू," हेमांगीबाई म्हणाल्या.

"असं करा, त्यांना टाळ पण द्या!"

"त्यांना ताल कळतो नाना. काहींना जन्मभर तबला वाजवून कळत नाही."

हे बोलणं एका दमात झालं. ते कुणाच्या लक्षात आलं असेल तर मकरंदरावांच्या. बाईंची जीभ सुटत चालली होती. उन्हाळा सरता सरता गळा मोकळा झाला, आणि एका सकाळी माशांना दाणे टाकताना त्या गुणगुणल्या. मकरंदरावांनी धावत जाऊन पेटी आणली. किती दिवसांनी भाता उघडला! पुढे मानही थोडी वर येऊ लागली. अन्वी तपासणीला आली तेव्हा तिने लगेच सांगितलं, "काका, आता काकूंना वरचं दिसतं. टाकी वर चढवू या. माणसं घेऊन येते मी."

"चढवू," मकरंदराव म्हणाले. "दत्तजयंतीचं कीर्तन तेवढं होऊ दे. मग निवांत."

कारण दत्तमंदिराकडून बोलावणं आलं होतं. दोन वर्षांनी हेमांगीबाई उभ्या राहणार होत्या. उभ्या कसल्या, खुर्चीत बसून, पण नारदाच्या गादीवर. सगळं घर त्या नादात. पूर्वरंग झाला की उत्तररंगाला आख्यान कुठलं? त्यांनी स्वतःच रचलं, एका पाणक्याचं. डोंगरावरच्या देवाला तो रोज खालच्या झऱ्याचं पाणी नेतो. म्हातारा होतो. एक दिवस पाय चालेनात, तो अर्ध्या वाटेत पायरीवर बसून रडतो, आणि देव वरून उतरून येतो. त्यातलं पदही त्यांचंच:

उंच बैसविले तुजला देवा, दिसेनास डोळां,
ये उतरुनी उंबऱ्यापाशी, भाव माझा भोळा.

बुधवारी तालीम, गुरुवारी तालीम. गुरुवारी संध्याकाळी हेमांगीबाईंना पदाची चाल बदलावीशी वाटली आणि दोघं उशिरापर्यंत पेटीपाशी बसले. मकरंदरावांना पाइप आठवला तेव्हा त्या दमून झोपल्या होत्या आणि त्यांचा हात यांच्या हातात होता. उद्या काढू मुळं, त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी दत्तजयंती.

सभामंडप भरला. आत जागा नव्हती म्हणून बायका पायऱ्यांवर बसल्या. गुरुजींनी हेमांगीबाईंच्या गळ्यात हार घातला, कपाळाला बुक्का लावला. खुर्चीची चाकं गादीवर टेकली होती, तेवढ्यासाठी त्यांनी आधी गादीची माफी मागितली. मग नमन. आवाज पूर्वीचा नव्हता. थोडा जाड, कडांना थोडा उसवलेला. पण पहिला षड्ज लागला आणि बद्रीनानांनी तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसले. "धूळ आहे इथं," ते म्हणाले. धूळ कसली, सकाळीच सडा झाला होता.

आख्यानाला रंग चढला. पाणक्या पायरीवर बसला. हेमांगीबाईंनी हात पुढे केला, म्हाताऱ्याचा थरथरता हात, आणि तो खरोखरच थरथरत होता. बायका रडायला लागल्या. नेमकी तेव्हा मकरंदरावांच्या मनगटावर थरथर झाली.

आधी त्यांना वाटलं, सूर अंगात भिनला. मग पट्टीवरचा लाल ठिपका दिसला. पाणी पाव. पंप थांबला. काय झालं ते त्यांना तिथे बसल्या बसल्या दिसलं, कारण जन्मभर त्यांनी तेच बघितलं होतं. मुळांनी पाइप बंद केला. वाफा काठोकाठ भरला आणि बाहेर सांडू लागला. पंप मात्र आज्ञाधारक. तो माशांचं पाणी उपसत राहिला.

घर दहा मिनिटांवर. दार उघडणारी बोटं दोघांचीच, आणि दोघंही इथे. वेळ होता. उठायचं, गर्दीतून वाट काढायची, धावायचं.

पण मंडळी, तुम्ही कीर्तनाला जाणारे. कीर्तन चालू असता आरतीआधी उठू नये, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. आणि पेटीवाला उठला तर? सूर गेला तर गाणारा अर्ध्यात उघडा पडतो. दोन वर्षांनी उघडलेला गळा, त्याच्या पाठीखालचा हातच काढून घ्यायचा?

भात्यावरचा डावा हात थबकला. सूर क्षणभर खचला. ऐकणाऱ्यांना कळलं नाही, पण गाणारीला कळलं. हेमांगीबाईंनी मान वळवली, महिन्यांपूर्वी जी वळत नव्हती ती मान. त्यांनी नवऱ्याचा चेहरा बघितला. मग स्वतःच्या मनगटाकडे. तिथेही तोच लाल ठिपका.

दोघांना सगळं कळलं आणि मधे एक शब्द नाही.

त्यांनी तळहात पालथा करून खाली दाबला. कीर्तनकाराची ही जुनी खूण: बसा, सूर धरा. आणि पद पुन्हा उचललं, वरच्या पट्टीत. ये उतरुनी उंबऱ्यापाशी.

मकरंदराव उठू शकले असते. खूण म्हणजे काही बेडी नव्हे. मांडी सुटलीही होती, एक पाय मोकळा झाला होता. मग तो आवाज आला, वरच्या पट्टीत, कडा न उसवलेला, आजारपणाआधीचा. त्यांनी भाता ओढला. सूर धरला. कीर्तन पुढे गेलं, देव पायऱ्या उतरून आला, पाळणा झाला, आरती झाली. सगळा गाव म्हणाला, असं कीर्तन पुन्हा होणे नाही.

खरंच झालं नाही.

खुर्ची ढकलत ते घरी आले. जिन्याच्या शेजारची छोटी लिफ्ट बंद होती; सांडलेलं पाणी वायरीत शिरून गच्चीची वीज गेली होती, आणि हवेचा पंपही. मकरंदरावांनी बायकोला पाठुंगळी घेतलं. दार उघडलं. फरशीवर घोटाभर पाणी. काचेत तळाशी वीतभर, आणि त्यात मासे एकमेकांवर, पांढरी पोटं वर करून. एकाचे कल्ले हलत होते. मकरंदरावांनी बादलीनं पाणी उंचावरून ओतलं, पुन्हा ओतलं, हवा मिसळावी म्हणून. हलणारे कल्लेही थांबले.

हेमांगीबाई भिंतीला टेकून ओल्या फरशीवर बसल्या होत्या. हार अजून गळ्यात होता. "राम," त्या म्हणाल्या. दुसरं काही नाही.

अन्वी सकाळी आली आणि दारातच रडायला लागली. "काका, पट्टी वाजली नव्हती का? का नाही उठलात तुम्ही?"

"मी बसवलं त्यांना," हेमांगीबाई म्हणाल्या. "यांना काही बोलू नकोस."

ब्राह्मी दोन-तीन आठवडे हिरवीगार दिसली. पण सडलेल्या पाण्यात मुळांवरचे जीवाणू गुदमरून गेले होते. पान होतं, औषध नव्हतं. राखीव रोप कुणालाच मिळत नसे. मागणारे फार, घडवणारे थोडे. नवं रक्त घेतलं, नव्या रोपाला वर्ष लागणार होतं.

थांबलेला रोग चालू लागला. आधी मान पुन्हा छातीवर आली. मग बोटं गेली. गाव भेटायला येई आणि म्हणे, "बाई, काय तुमची निष्ठा! देवासाठी जिवावर पाणी सोडलंत." हेमांगीबाई हसत. मकरंदराव चहा करायला आत जात.

एका दुपारी कुणी नव्हतं. मकरंदराव त्यांचे तळवे चोळत होते. हेमांगीबाईंनी हाक मारली. आता एकेक शब्द ओढून आणावा लागे.

"अहो. एक विचारा."

"काय विचारू?"

"तेच. जे तुम्ही विचारत नाही."

मकरंदरावांनी तळवे चोळणं थांबवलं. "हेमा, मी उठायला हवं होतं का?"

त्यांना वाटलं, ती नाही म्हणेल. गावाला सांगते तेच सांगेल. हेमांगीबाईंच्या डोळ्यांतून पाणी घळघळा वाहायला लागलं आणि पुसायला हात उचलेना.

"हो," त्या म्हणाल्या. "मी बसा म्हटलं. तुम्ही ऐकायला नको होतं." आणि मग, "मला भीती वाटते हो. मला नाही जायचं."

मकरंदरावांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. समजावलं नाही. काय समजावणार? आवाज गेला त्याआधीचं त्यांचं हे शेवटचं सलग बोलणं. पुढे नुसते डोळे. मकरंदराव रोज पेटी घेऊन समोर बसत, पद वाजवत, आणि पापण्या ठेक्यावर मिटत-उघडत. मग त्याही ठेका सोडू लागल्या.

चैत्रात हेमांगीबाई गेल्या. घाटापर्यंत बद्रीनानांनी खांदा सोडलाच नाही. दोन वेळा बदली माणूस आला आणि दोन्ही वेळा त्यांनी त्याला कोपरानं ढकललं.

पुढच्या हिवाळ्यात अन्वी गच्चीवरच्या खोलीत आली. हातात पांढरा डबा. तो खाली ठेवेना, हातातच धरून उभी राहिली. "काका, काकूंचं रोप तयार झालं. कळवायचं कसं ते मला कळेना. नियम असा आहे की रुग्ण नसेल तर रोप सांभाळणाऱ्यासमोर नष्ट करायचं. दुसऱ्या कुणाला लागू होत नाही ना."

तिने डबा उघडला. बोटभर रोप, चार-सहा पानं, दव धरलेली. निरोगी होतं. त्या एवढ्याशा पानांत, एका बाईच्या गळ्यासाठीचं औषध रोज तयार होत होतं आणि तो गळा कुठेच नव्हता.

मकरंदरावांनी हात पुढे केला आणि एक पान खुडलं. बोटांनी चेचलं, रोज चेचत तसंच. अन्वीला वाटलं, फोटोपुढे ठेवतील. त्यांनी ते स्वतःच्या जिभेखाली ठेवलं.

कडू. कडुलिंबाचा पाला गोड वाटावा असं कडू. जीभ आखडली, घसा जळाला.

"काका, थुंका! काका!"

त्यांनी मान हलवली. धरून ठेवलं. डोळे भरून वाहू लागले तेव्हा कुठे गिळलं. "हे असंच असतं?"

"हो. सगळे तक्रार करतात. काही जण तर सोडून देतात. काकू नव्हत्या सांगत?"

"वर्षभर," मकरंदराव म्हणाले. "वर्षभर मी भरवत होतो. कधी तोंडसुद्धा वाकडं..." ते तिथेच, रिकाम्या काचेसमोर, फरशीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. तिला जगायचं होतं. इतकं कडू गिळून रोज जगायचं होतं, आणि आपण तिची खूण मानली.

मंडळी, गोष्ट इथे संपली. हेमांगीबाईंसाठी मी काही मागत नाही. त्यांची आठवण गावाला आहे, दत्तजयंतीला त्यांचं पद अजून म्हटलं जातं. माझं मागणं दुसऱ्यासाठी. कीर्तनाला जाल तेव्हा गाणाऱ्याच्या मागे उजव्या अंगाला जरा बघा. पेटीवर कुणीतरी मान खाली घालून सूर धरून बसलेला असतो. फलकावर त्याचं नाव बारीक अक्षरात असतं, नाहीतर नसतंच. त्याच्याकडे बघून एकदा मकरंद पोहनेरकरांची आठवण काढा. ते उठले नाहीत, एवढंच लोकांना माहीत आहे. तुम्ही मात्र त्यांना पुरतं आठवा.